वेशीतून आत जाणारा वारा

काल आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला फायबरचं ठिगळ मारत होते. रेझिनचा तो नाकात चढणारा वास जिन्यानं खाली उतरत आमच्या दारापर्यंत आला आणि सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दार लावून घेतलं. मी चप्पल घालून जिन्यात जाऊन उभा राहिलो. मोगऱ्याच्या किंवा आईच्या लुगड्याच्या वासानं माणसं हळवी होतात म्हणे. माझ्या वाट्याला रेझिन आलं, त्याला काय करणार? श्रावण तोंडावर आहे, तळेगावात सकाळपासून भुरभुर चालू आहे, आणि हा वास आला की मी पवनेच्या धरणाकाठी एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये असतो. तिथे माझी शिडाची बोट ठोकळ्यांवर उभी आहे. गेल्या पावसाळ्यात होती तशीच.

अर्धा जन्म कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये राबलेल्या माणसानं मावळात शिडाची बोट आणावी, यावर नातेवाइकांमध्ये बोलून झालं आहे. समुद्र घाट चढून वर येणार आहे का, असं माझ्या चुलतभावानं विचारलं होतं, आणि असं विचारूनही शेड त्यानंच दिली. बोट कोकणातल्या एका म्हाताऱ्या जहाजी माणसाची. दोघं पाय पसरून झोपतील एवढी आत खोली, शेगडी ठेवायला कोनाडा, बोट आडवी वाहू नये म्हणून तळातून खाली-वर करता येणारं लोखंडी पातं. बेत साधा होता. पावसाळ्यात दुरुस्ती उरकायची, दसऱ्याच्या आसपास धरणात उतरवून बघायची, आणि दिवाळीनंतर ट्रेलरवर घालून घाटाखाली न्यायची. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे, वारा नेईल तितकं.

पावसाळ्यात फायबरचं काम काढणं हाच मुळात गाढवपणा होता. काम करायला जनूभाऊ होता, धरणाकाठच्या वाडीवरचा. पर्यटकांच्या कॅम्पच्या बोटी, मंगल कार्यालयांच्या टाक्या, फायबरचं जे फुटेल ते तो सांधायचा. माणूस तक्रारखोर, आणि त्याचे अंदाज निम्म्या वेळा चुकायचे. "दोन दिसांत सुकतंय बगा," म्हणाला आणि आषाढ संपत आला तरी बोटीच्या पोटावरची ठिगळं हाताला चिकटत होती. हार्डनर वाढवून बघितला, रेझिन बदलून बघितलं. हवेतच एवढं पाणी होतं की कशाचंच काही घट्ट होईना. शेवटी त्यानं शेडच्या कोपऱ्यातून पिल्लांना ऊब द्यायचे जुने दिवे शोधून काढले, त्यांच्या वायरी जोडल्या आणि ते बोटीच्या पोटाखाली लटकवले. तांबूस उजेडात, धुक्यानं भरलेल्या शेडमध्ये ती बोट उबवायला ठेवल्यासारखी दिसायची. जनूभाऊला त्याचं हसू यायचं. मला आतून काहीतरी हलेल असं वाटायचं, आणि मी जास्त वेळ तिकडे पाठ करून उभा राहत नसे.

विनोद सोडला तर ती जागाच तशी होती. भर दुपारी धुकं यायचं आणि धरण नाहीसं व्हायचं. पाणी दिसायचं नाही, पण ते कुठे आहे ते कळायचं, अंधाऱ्या खोलीत कुणीतरी बसलेलं कळतं तसं. बोटीची खोली मी कुलूप लावून बंद करायचो. सकाळी उघडली की आत चुलीचा वास असायचा. रेझिनचा नव्हे, ओल्या लाकडाच्या धुराचा. शेड पत्र्याची, आजूबाजूला घर नाही, चूल नाही. जनूभाऊ म्हणाला, कोकणात मासे भाजत असतील या बोटीत. मीही तसंच धरून चाललो.

मग तो आवाज. फायबरच्या बोटीत आतून कुठे पोकळी धरली आहे का, हे बघायला हातोडीच्या दांड्यानं ठोकत, कान लावत जायचं असतं. भरीव जागा ठक्क वाजते, पोकळ जागा डब्ब. असंच एका सकाळी ठोकता ठोकता मी कान लावला आणि ठोकणं थांबवल्यावरही आत काहीतरी चालू होतं. बारीक घरघर. गोल फिरणारी. मधेच एक श्वासभर थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मी जनूभाऊला बोलावलं. त्यानंही कान लावला. "कॅम्पवाल्याचं जनरेटर," तो म्हणाला. पलीकडच्या टेकाडामागे कॅम्प होता आणि त्याचा जनरेटर दिवसभर चालायचा हे खरं. जमिनीतून, ठोकळ्यांतून आवाज येत असेल. यंत्रांत अर्धं आयुष्य गेलेल्या मला ते पटायला काहीच अडचण नव्हती.

हौसाआत्या शेडवर आली ती याच सुमाराला. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण, सुदुंबऱ्याला दिलेली. बोट आणल्याचं तिच्या कानावर गेलं आणि तिनं मला निरोप धाडला, मला दाखवायला ने. मला वाटलं, म्हातारीला कौतुक आहे. गाडीतून उतरली ती छत्री न उघडता सरळ शेडमध्ये गेली, बोटीभोवती फिरली, आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा बोटीच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. मग वाकली आणि कान लावला. मी तिला आवाजाविषयी काहीच सांगितलं नव्हतं.

"जातं हाय," आत्या म्हणाली.

"जनरेटर आहे आत्या. कॅम्पचा."

"जातं हाय रं. आन गहू न्हाई, नाचनी हाय. गव्हाचा आवाज मोठा निघतो." ती सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसल्यावर होतो तसा तो चेहरा झाला होता, आणि त्यानंच माझ्या अंगावर काटा आला.

इथे आत्याची हकीकत सांगायला हवी. आमचं मूळ गाव धरणाखाली गेलं. त्याला आम्ही खालचं गाव म्हणतो, आणि उठून जिथे वसलो त्याला वरचं गाव. आत्याचं लग्न लागलं ते खालच्या गावातल्या घराच्या दारात, वैशाखात, पोरवयातच. निघताना माझी आजी तिला म्हणाली होती, "पंचमीला मुराळी धाडते." नागपंचमीला माहेरहून भाऊ नाहीतर भावकीतला कुणी न्यायला यायचा, तो मुराळी. आत्या दिवस मोजत बसली. त्याच आषाढात आजी दोन दिवसांच्या तापानं गेली. ओढे भरलेले, रस्ते तुटलेले. निरोप सुदुंबऱ्याला पोचला तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता. आणि पंचमीला कुणी न्यायला यावं तर घरच उठलेलं. चढतं पाणी मागे ठेवून आजोबा पोरांना आणि गुरांना घेऊन वर आले होते. पुढे माझे वडील मोठे झाल्यावर दरवर्षी तिला आणायला जात. ती येई, पुरणपोळी खाई, आणि जाताना म्हणे, "हे भावाचं घर झालं. माझं म्हायेर खाली हाय."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाची वेस उघडी पडते. दोन दगडी खांब, बाजूला मारुतीचा चौथरा, आणि पुढे चिखल, मग पाणी. तिथवर ती कितीतरी वेळा चालत गेली होती. घर मात्र कधीच वर आलं नाही. वेशीत उभं राहून परत फिरायचं, असं तिचं चाललं होतं.

त्या दिवशी शेडमध्ये तिनं मला सांगितलं, "मला दारापातूर ने. दिवाळी झाली की मोहन मला सुरतेला नेनार हाय. पुन्यांदा कोन आनतंय मला हिकडं?" मोहन हा तिचा मुलगा. सुदुंबऱ्याचं घर बंद करून आईला कायमचं घेऊन जायचं त्यानं ठरवलं होतं. म्हणजे तिच्या हातात एवढाच पावसाळा होता. मी समुद्राचा बेत करून बसलो होतो आणि माझ्या बोटीला पहिलं भाडं मिळालं ते हे.

मी हो म्हणालो. मग सगळं अडायला लागलं. शीड उंदरांनी कुरतडलेलं निघालं. ते शिवायला तळेगावात ताडपत्री शिवणाऱ्याकडे दिलं, तर त्याच्याकडे मांडवांच्या ऑर्डरी. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा आवळायचे आटे मुंबईहून येणार होते, ते कुरिअरनं भलत्याच गावाला नेले. सुकाणूचं लाकूड फुगून बसलं. आत्या दर आठवड्याला फोन करायची. "झालं का रं?" एवढंच. मी कारण सांगायला लागलो की म्हणायची, "त्या वर्सालाबी आसंच कायतरी झालं आसंल." मग मी फोन ठेवून ताडपत्रीवाल्याला फोन लावायचो.

कॅम्पवाल्याची मोटरबोट तिला दहा मिनिटांत तिथे नेऊन आणू शकली असती. जनूभाऊनं तसं सुचवलंही. आत्या म्हणाली, "परक्याच्या गाडीत बसून म्हायेरी जात्यात व्हय? आन त्यो भुंगा वाजवत गेलं तर आय दचकंल." माझ्या बोटीला इंजिन लावायचा विषय तिथेच संपला.

नागपंचमीच्या सकाळी मी शेडवर एकटाच होतो. जनूभाऊनं सुट्टी घेतली होती, कारण त्या दिवशी कापायचं नाही, कुटायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, दळायचं नाही, आणि जनूभाऊच्या मते फायबर घासायचंही नाही. मी सवयीनं बोटीला कान लावला. आवाज नव्हता. दुसऱ्या बाजूनं लावला, पुढच्या टोकाला नाळेपाशी लावला, पात्याच्या खाचेपाशी लावला. काही नाही. बाहेर आलो तर टेकाडापलीकडे जनरेटर ऐटीत चालला होता. मी तिथेच पावसात उभा राहिलो. आत्याला फोन करावासा वाटला, पण केला नाही. तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी घरघर पुन्हा सुरू झाली, आणि जनूभाऊ आल्यावर मी त्याला त्यातलं काही सांगितलं नाही.

भाद्रपदात ठिगळं एकदाची घट्ट झाली. शीड आलं, आटे आले. तरीही आम्ही निघालो नाही, आणि यावेळी कारण बोटीचं नव्हतं. झालं असं, की मी आत्याला शेडच्या भुईवर खडूनं समजावून सांगत होतो. वारा पश्चिमेचा आहे, वेस पूर्वेला आहे, घर पश्चिमेच्या टोकाला. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरकी डावीकडे, मग तिरकी उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. आत्यानं माझी खडूची रेघ नीट बघितली.

"ही रेग बाबू तांबोळ्याच्या घरावरनं चालली," ती म्हणाली. "आन ही देवळावरनं."

"पाण्यावरूनच जायचं आहे आत्या. घरं खाली आहेत."

"म्हून काय झालं? लोकांच्या आढ्यावरनं जायचं? वेशीतनं शिरायचं आन वाटंनं जायचं. आपन काय कावळं हाय का?"

सुनंदा म्हणाली, तुझ्या आत्याचं डोकं फिरलं आहे आणि तिच्या नादानं तुझंही. मी खडूची रेघ पायानं पुसली आणि वारा फिरायची वाट बघू लागलो. दसऱ्याच्या पुढे-मागे मावळातला वारा बदलतो, सकाळी पूर्वेकडून येऊ लागतो. शेतकऱ्याला ते भाताच्या लोंब्यांवरून कळतं. मी कॅम्पच्या झेंड्याकडे बघत बसायचो. आधी रेझिननं अडवलं, मग उंदरांनी, कुरिअरनं, आता वाऱ्यानं. या सगळ्या उशिरांमागे कुणीतरी एकच आहे असं मला त्या दिवसांत वाटू लागलं होतं. कुणीतरी पाहुणी यायच्या आधी घर आवरतंय आणि आम्हाला जरा थांबा म्हणतंय. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. मोहनचा फोन आला होता, त्यानं सामान हलवायला टेम्पो ठरवला होता.

दसरा झाला आणि एका सकाळी झेंडा उलटा फिरला.

जनूभाऊनं ट्रॅक्टरनं बोट पाण्यात ढकलली, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि काठावरच थांबला. "तुमच्या घरच्या कामात मी कशाला?" म्हणाला. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर पिशवी, हातात हिरवा चुडा भरलेला, पहिल्या पंचमीला निघालेल्या नवरीसारखा. पाण्यावर पातळ धुकं होतं. शिडात वारा भरला आणि बोट कसलाही आवाज न करता निघाली. डाव्या हाताला तिकोना, उजव्या हाताला लोहगड, समोर तुंग, आणि या तिन्ही गडांकडे आळीपाळीनं बघत आत्या मला दिशा सांगू लागली.

"हितं थांब. वेस आली."

थांबणं माझ्या हातात नव्हतं, पण मी शीड सैल सोडलं. आत्यानं पायातल्या चपला काढल्या आणि खाली पाण्याकडे बघून हात जोडले. मारुतीला. मग मलाही चपला काढायला लावल्या. चावडी मागे पडेपर्यंत बायका चपला हातात घेऊन जायच्या, ती म्हणाली, आणि मुराळीही सासरहून आलेल्या बाईपुढे जोडे वाजवत चालायचा नाही. "आन त्यो पत्रा वर घे, कौलांना लागंल." वारा पाठीमागून असताना पातं वर घ्यायचंच असतं. मी घेतलं.

मग आम्ही गावातून गेलो. दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगायचं ते मला कळत नाही. "जरा डावीकडं, हितं तांबोळ्याचं दुकान. आता सरळ. हितं पार. हळू जा, म्हातारी मानसं बसल्याली असत्यात." एका जागी, चावडी असणार, तिनं पदर डोक्यावर पुढे ओढला आणि आवाज खाली आणला. मी सुकाणू धरून बसलो होतो, आणि मला जाणवलं की मीही वाकून बसलोय, एखाद्या बोळातून जाताना आपण अंग चोरतो तसा. पाणी हिरवं-काळं होतं. खाली काहीच दिसत नव्हतं. पण दोन्ही बाजूंच्या पाण्यावर बारीक लाटा होत्या आणि आम्ही जात होतो ती पट्टी गुळगुळीत होती. पुढे वळणापर्यंत तशीच दिसत होती. मी ती बघितली आणि पुन्हा बघितली नाही.

"आलं," आत्या म्हणाली, आणि वारा पडला.

शीड लोंबकळलं. बोट वाहून जायला हवी होती, ती जागची हलली नाही. आत्या उठून उभी राहिली, पिशवी हातात, तोंड बोटीच्या उजव्या बाजूला. अनवाणी. कडेला टेकून ती वाट बघत उभी राहिली. मला आधी कळेना कशाची. मग आठवलं. माहेरवाशीण दारात आली की तिला लगेच आत घेत नाहीत. आतून बाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन येते, तुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, मग ती उंबरा ओलांडते. मी डबा उघडला. सुनंदानं पोळ्या दिल्या होत्या. एक तुकडा मोडून मी पुढे झालो.

"तू न्हाई," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू मुराळी. तू आनलंस, तुजं काम झालं. आता आतलं मानूस येतं."

मी पोळीचा तुकडा हातात धरून मागे बसलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. धुकं तिथेच होतं. धुराचा वास आला, तोच, ओल्या लाकडाचा. मला आजी कधी दिसलेली नाही, तिचा फोटोही नाही घरात, आणि तरी मला त्या क्षणी फार स्पष्ट वाटलं की मान वर केली तर मला तिला नावानं ओळखावं लागेल. मी मान वर केली नाही. मला भीती वाटत होती आणि आत्यासाठी आनंदही होत होता. दोन्ही एकाच वेळी होतं हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग शीड हलकेच फडफडलं. आत्या खाली बसली. "चल," म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा होता. गावाला वळसा घालून, लोहगडाच्या अंगानं तिरके-तिरके होत आम्ही परत आलो.

काठावर जनूभाऊनं बोट धरली आणि मी आत्याला उतरवायला हात दिला, तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घोट्यापर्यंत दोन्ही पाय ओले होते. बोटांमधून पाणी निथळत होतं. लुगड्याचा काठ कोरडा होता. मी खाली बघितलं, माझे पाय कोरडे होते. ती बसली होती तिथे मी तळहात फिरवला, फळीखाली हात घातला, पात्याच्या खाचेपर्यंत चाचपलं. सगळं खडखडीत.

जनूभाऊनंही बघितलं होतं. "गळती लागली काय? उद्या बगतो," तो म्हणाला. आत्यानं त्याच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि चपला हातात घेऊन अनवाणीच गाडीपर्यंत चालत गेली. पाय तिनं पुसले नाहीत.

दिवाळीनंतर ती सुरतेला गेली. बोट अजून शेडमध्ये आहे. लोक विचारतात, समुद्राचं काय झालं? मी आटे, परवानग्या, ट्रेलर असं काहीबाही सांगतो. खरी अडचण अशी आहे, की समुद्रात न्यायची तर गळती आहे का हे बघावंच लागेल. जनूभाऊ म्हणतो, सोपं आहे. ठोकळ्यांवर असतानाच आत नळी सोडायची, बोट भरायची आणि कुठून ठिबकतं ते बघायचं. ठिबकलं, तर त्या दिवशी आत्याच्या पायांवर नुसतं धरणाचं पाणी आलं होतं एवढंच ठरेल. नाही ठिबकलं, तर ते पाणी कुणी घातलं हे ठरेल, आणि मग त्या बोटीत बसून मी ते दार मागे टाकून कुठे जाणार? नळी शेडच्या दारात वेटोळं करून पडली आहे. मी ती लावलेली नाही.

काल जिन्यात रेझिनच्या वासात उभा असतानाच फोन वाजला. आत्याच होती. मोहननं लावून दिला होता. तब्येत, पाऊस, सुनंदा, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "पंचमी आली रं. न्यायला कवा येतूस?"

मी म्हणालो, "आत्या, वारा पश्चिमेचा आहे अजून. दसऱ्याशिवाय फिरत नाही."

"मग तवर ऱ्हाईन की तुज्याकडं," ती म्हणाली. "मागल्या खेपंला निगताना आयला सांगून आल्ये, पंचमीला येते म्हून."

आज सकाळी मी सुरतेचं तिकीट काढलं.